गेम घेतल्यावर पुन्हा पैसे कशाला? सीझन पास आणि डीएलसीचा हिशेब

पूर्ण किंमत मोजून गेम घ्यावा, तासभर डाउनलोड होण्याची वाट पाहावी आणि सुरू करताच पहिल्याच स्क्रीनवर 'सीझन पास घ्या', 'डिलक्स एडिशनला अपग्रेड करा' अशी पाटी झळकावी, हा अनुभव आता गेम खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या ओळखीचा झाला आहे. सोशल मीडियावर यावरून दोन तट पडलेले दिसतात. एकाच्या मते ही उघड लूट आहे. दुसऱ्याच्या मते सिनेमाच्या तिकिटाइतक्या पैशांत आवडता गेम आणखी वीस तास खेळायला मिळत असेल, तर तक्रार कसली?

दोन्ही बाजूंना पुरावा एकाच वर्षात सापडतो. २०१५ मध्ये आलेल्या 'द विचर ३'चा पास २५ डॉलरचा होता आणि त्यात मिळालेल्या दोन कथा आजही उत्तम डीएलसीचा नमुना म्हणून सांगितल्या जातात. त्याच वर्षी आलेल्या 'बॅटमॅन: अर्कम नाइट'चा पास ४० डॉलरचा होता. त्यातल्या अनेक कथा सुरू होताहोताच संपत होत्या. म्हणजे पास महाग की स्वस्त, यावर फारसे काही ठरत नाही. पैसे कशाचे घेतले जात आहेत, हे पाहावे लागते. आणि तिथेच बहुतेक जण फसतात, कारण एकाच 'पास' या शब्दाखाली तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

डीएलसी आले कुठून?

डीएलसी म्हणजे डाउनलोडेबल कंटेंट, अर्थात मूळ गेमला नंतर जोडता येणारा भाग. कल्पना इंटरनेटच्या आधीची आहे. 'स्टारक्राफ्ट'चा 'ब्रूड वॉर' १९९८ मध्ये आला, 'एज ऑफ एम्पायर्स २'चा 'द कॉन्करर्स' २००० मध्ये आणि 'डायब्लो २'चा 'लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन' २००१ मध्ये. सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने पैसे मोजून 'एज' खेळलेल्या पिढीतल्या अनेकांना तर कॉन्करर्स हा वेगळा विकत घ्यायचा भाग होता, हेसुद्धा माहीत नसते. याला तेव्हा एक्स्पान्शन पॅक म्हणत. सीडी छापायची, खोका तयार करायचा, दुकानापर्यंत पोहोचवायचा, एवढा खर्च करायचा म्हणजे आत काहीतरी भरीव असावेच लागे. दोन पोशाख आणि एक तलवार खोक्यात घालून विकणे परवडणारेच नव्हते.

इंटरनेटवरून थेट विक्री सुरू झाली आणि हे बंधन गेले. एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डा या कंपनीने 'द एल्डर स्क्रोल्स ४: ऑब्लिव्हियन' या गेममधल्या घोड्यासाठी चिलखत विकायला काढले. एक्सबॉक्स ३६० वर त्याची किंमत होती अडीच डॉलर. गेमप्रेमी जगाने तेव्हा त्याची यथेच्छ टिंगल केली आणि 'घोड्याचे चिलखत' हा फालतू डीएलसीसाठी वाक्प्रचारच होऊन बसला. गंमत अशी की, आज अनेक गेममध्ये एकेका पोशाखाची किंमत पाहिली, तर अडीच डॉलर स्वस्त वाटतात. त्याच बेथेस्डाने त्याच गेमसाठी पुढच्या वर्षी 'शिव्हरिंग आइल्स' हा मोठा विस्तारही आणला आणि तो लोकांनी डोक्यावर घेतला, हे मात्र टिंगल करताना कोणी सांगत नाही.

सीझन पास हा प्रकार २०११ मध्ये रुळला. रॉकस्टारने 'एल. ए. नॉयर' या गेमसाठी 'रॉकस्टार पास' काढला. पुढे येणारे सगळे छोटे भाग सुटे घेण्याऐवजी एकदाच दहा डॉलर भरा, अशी ती योजना होती. त्याच वर्षी 'गिअर्स ऑफ वॉर ३'सह इतर गेमनीही ती उचलली आणि दोन-तीन वर्षांत मोठा गेम म्हटला की सोबत पास, असा रिवाजच पडला.

पैसे आज, माल नंतर

मुंबईत लोकलचा तीन महिन्यांचा पास काढणाऱ्याला गाडी कुठून कुठे जाते, हे आधीच माहीत असते. रूळ टाकलेले असतात, वेळापत्रक लागलेले असते, आणि रोजच्या तिकिटांच्या मानाने किती वाचले हे बोटांवर मोजता येते. गेमच्या सीझन पासमध्ये बऱ्याचदा रूळच टाकायचे बाकी असतात. गेम बाजारात येण्याच्या आधी पास विक्रीला येतो, आणि त्या क्षणी पुढच्या भागांची फार तर नावे ठरलेली असतात.

अर्कम नाइटच्या बाबतीत हेच झाले. पासची घोषणा झाली तेव्हा नव्या मोहिमा, नवे खलनायक, बॅटमोबाइलची नवी रूपे, असे मोघम वर्णन होते. किती तासांचे, कोणत्या दर्जाचे, याचा पत्ता नव्हता. प्रत्यक्षात सहा महिन्यांत बरेच काही आले, पण त्यात बराचसा भरणा पोशाख, शर्यती आणि छोटेखानी कथांचा होता. त्यातच संगणकावरच्या आवृत्तीत इतके दोष निघाले की, वॉर्नर ब्रदर्सला जून २०१५ मध्ये तिची विक्रीच थांबवावी लागली. ती ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाली. ज्यांनी मूळ गेम आणि पास दोन्ही आगाऊ घेतले होते, त्यांचे पैसे नीट न चालणाऱ्या गेमवर आणि अजून न आलेल्या डीएलसीवर, असे दोन्हीकडे अडकले.

त्याहून बोलके उदाहरण 'रेडफॉल'चे आहे. मे २०२३ मध्ये आलेल्या या गेमच्या महाग आवृत्तीत पुढे येणारी दोन नवी पात्रे समाविष्ट होती. गेम साफ पडला. वर्षभराने, मे २०२४ मध्ये, तो बनवणारा आर्केन ऑस्टिन हा स्टुडिओच मायक्रोसॉफ्टने बंद केला. ती दोन पात्रे कधी आलीच नाहीत. महाग आवृत्ती घेणाऱ्यांना वरच्या रकमेची भरपाई देण्याचे कंपनीने जाहीर केले, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण पास म्हणजे एक प्रकारे कंपनीला दिलेले बिनव्याजी उसने आहे आणि उसने घेणारा बुडूही शकतो, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले.

उलट उदाहरणही आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. 'फॉलआउट ४'चा पास सुरुवातीला ३० डॉलरला होता. आत काय असेल हे बेथेस्डाने तेव्हा सांगितलेच नव्हते. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीने डीएलसीची यादी जाहीर केली आणि आवाका वाढल्याचे सांगत १ मार्चपासून पासची किंमत ५० डॉलर केली. आधी घेतलेल्यांना जादा पैसे भरावे लागले नाहीत. पुढे 'फार हार्बर' २५ डॉलरला आणि 'नुका वर्ल्ड' २० डॉलरला आले. बाकीचे चार छोटे भाग धरून सुट्या किमतींची बेरीज ७० डॉलरच्या आसपास जाते. डोळे झाकून पैसे टाकणाऱ्यांचा यात निम्म्याहून अधिक फायदा झाला. पण हा जुगार लागला म्हणून तो जुगार नव्हता, असे होत नाही.

आणखी एक गैरसमज म्हणजे पास घेतला की सगळे मिळाले. 'बॉर्डरलँड्स २'च्या २०१२ च्या पासमध्ये चार मोठ्या मोहिमा होत्या आणि त्या चारही आल्या. पण नंतर स्वतंत्रपणे विकली गेलेली क्रीग आणि गेज ही दोन खेळण्याजोगी पात्रे त्यात नव्हती. 'सीझन पास' या नावाला कोणतीही ठरलेली व्याख्या नाही. कंपनी जे लिहील तेच त्यात असते. त्यामुळे पानाच्या तळाशी असलेला बारीक मजकूर वाचण्याला पर्याय नाही.

चोख हिशेब कसा असतो, हे पाहायचे तर निन्टेन्डोचा 'मारिओ कार्ट ८ डिलक्स'चा बूस्टर कोर्स पास पाहावा. फेब्रुवारी २०२२ मध्ये घोषणा करतानाच सांगितले गेले: ४८ मार्ग, सहा टप्प्यांत, २०२३ च्या अखेरपर्यंत, २५ डॉलर. सहावा टप्पा नोव्हेंबर २०२३ मध्ये आला आणि यादी पूर्ण झाली. संख्या, मुदत आणि किंमत या तिन्ही गोष्टी आधी कळल्या, तर ग्राहकाला निर्णय घ्यायला आणखी काय हवे?

संगणकावरचे गेम विकणारे सर्वांत मोठे दुकान म्हणजे व्हॉल्व्ह या कंपनीचे स्टीम. तिथेही नोव्हेंबर २०२४ मध्ये हेच नियम म्हणून आले. पासमध्ये कोणकोणती डीएलसी आहेत आणि ती साधारण कधी येणार, हे सांगणे गेम कंपन्यांना बंधनकारक झाले. वेळापत्रक एकदाच आणि तेही तीन महिन्यांपर्यंतच पुढे ढकलता येते. डीएलसी रद्द झाले, तर न मिळालेल्या भागाचे पैसे परत देण्याची तयारी ठेवावी लागते. हे सांगायची तयारी नसेल तर पास विकू नका, अशी व्हॉल्व्हची भूमिका आहे. इतकी साधी गोष्ट लिहून काढायला २०११ पासून तेरा वर्षे गेली, हे मात्र खटकते.

चांगले डीएलसी कसे असते?

'द विचर ३' बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट रेड या पोलिश कंपनीने आधी १६ छोटी डीएलसी सगळ्यांना फुकट दिली. पोशाख, घोड्याचा साज, एखाददुसरी मोहीम असा तो ऐवज होता. इतर कंपन्या ज्याचे पैसे घेत होत्या, ते यांनी वाटून टाकले. पैसे घेतले ते दोन विस्तारांचे. ऑक्टोबर २०१५ मध्ये 'हार्ट्स ऑफ स्टोन' आला, सुमारे दहा तासांचा. मे २०१६ मध्ये 'ब्लड अँड वाइन' आला, त्याच्या दुप्पट लांबीचा. त्यात तूसाँ नावाचा संपूर्ण नवा प्रदेश होता. २०१६ च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्कृष्ट रोल प्लेइंग गेमचा पुरस्कार ब्लड अँड वाइनला मिळाला. म्हणजे एका डीएलसीने त्या वर्षीच्या पूर्ण गेमना मागे टाकले.

त्याच कंपनीचा 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये इतक्या वाईट अवस्थेत आला की, सोनीने तो काही महिने आपल्या दुकानातून काढून टाकला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये 'फँटम लिबर्टी' या ३० डॉलरच्या विस्ताराने त्याची पत परत आणली. मात्र तो प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या यंत्रांवर आलाच नाही. मूळ गेम त्याच यंत्रांवर घेतलेल्या लोकांना विस्तार हवा असेल, तर आधी नवे यंत्र घ्यावे लागणार होते. कोणतेही डीएलसी घेण्याआधी ते आपल्या यंत्रावर चालते का, हे पाहणे म्हणूनच गरजेचे आहे.

'एल्डन रिंग'च्या 'शॅडो ऑफ दि एर्डट्री'ने जून २०२४ मध्ये पहिल्या तीन दिवसांत ५० लाख प्रतींचा टप्पा ओलांडला. किंमत ४० डॉलर, म्हणजे एका अख्ख्या गेमच्या जवळ जाणारी. त्याला वर्षातल्या सर्वोत्तम गेमचे नामांकनही मिळाले आणि डीएलसीला गेम म्हणायचे का, यावर महिनाभर वाद रंगला. पण इथे एक मेख आहे. रादान आणि मोग या दोन बड्या शत्रूंना मूळ गेममध्ये हरवल्याशिवाय या विस्ताराचे दारच उघडत नाही. मोगपर्यंत पोहोचणे नवख्यांचे काम नाही. मूळ गेम अर्ध्यावर टाकलेल्याने केवळ चर्चा ऐकून हे डीएलसी घेतले, तर पैसे देऊनही ते कुलूपबंदच राहते.

खरे तर डीएलसीवर वाया जाणाऱ्या पैशांत मोठा वाटा याच कारणाचा असावा. मूळ गेमच संपवलेला नसतो. गेम नवा असताना उत्साहात घेतलेला पास आणि जानेवारीत भरलेली जिमची वर्षाची फी, यांत फार फरक नाही.

पहिल्याच दिवसाचे डीएलसी

गेम ज्या दिवशी येतो त्याच दिवशी त्याचे डीएलसीही विक्रीला आले की ग्राहकाचे डोके फिरते. हे आधीच तयार होते, तर गेममध्ये का नाही, हा सरळ प्रश्न आहे. २०१२ चा मार्च महिना यासाठी कुप्रसिद्ध आहे. 'मास इफेक्ट ३'सोबत त्याच दिवशी 'फ्रॉम अॅशेस' हे दहा डॉलरचे डीएलसी आले. त्यात जाविक हे पात्र होते. तो प्रोथियन या लुप्त जमातीचा शेवटचा माणूस. या जमातीभोवती तिन्ही गेमची कथा फिरते, त्यामुळे हे म्हणजे पुस्तक विकून त्यातले महत्त्वाचे प्रकरण वेगळे विकण्यासारखे झाले, अशी टीका झाली. त्याच महिन्यात 'स्ट्रीट फायटर एक्स टेक्केन'च्या डिस्कवर १२ पात्रे आधीच भरलेली असून ती नंतर पैसे घेऊन उघडली जाणार आहेत, हे लोकांनी शोधून काढले. कॅपकॉम कंपनीची यावरून मोठी नाचक्की झाली.

पण पहिल्या दिवसाचे प्रत्येक डीएलसी गेममधून कापून काढलेले असते, हेही खरे नाही. गेम पूर्ण झाल्यावर तो तपासणीसाठी सोनी, मायक्रोसॉफ्टकडे जातो, डिस्क छापल्या जातात, आणि यात काही आठवडे जातात. त्या काळात दोष दुरुस्त करणारे प्रोग्रॅमर कामात असतात, पण चित्रकार आणि कथा-मोहिमा रचणाऱ्यांच्या हाती काम नसते. त्यांना डीएलसीच्या कामाला लावले जाते. बाहेरून पाहणाऱ्याला यातला फरक कळणे कठीण. एक कसोटी मात्र लावता येते. डीएलसीशिवाय मूळ कथा पूर्ण वाटते का? वाटत असेल, तर जोडलेला भाग खरोखर जादाचा आहे. वाटत नसेल, तर तो जादाचा कसा म्हणायचा?

मल्टिप्लेअरमध्ये पास का मेला?

एकट्याने खेळायच्या गेममध्ये शेजाऱ्याने डीएलसी घेतले की नाही, याने काही बिघडत नाही. ऑनलाइन गेमचे तसे नाही. 'बॅटलफिल्ड', 'कॉल ऑफ ड्यूटी' यांसारख्या गेमच्या पासमध्ये प्रामुख्याने नवे नकाशे असत. पास असलेले एका नकाशावर, नसलेले दुसऱ्या, अशी खेळणाऱ्यांची फाळणी होई. काही महिन्यांनी नव्या नकाशांवर सामना जुळायलाच दहा-पंधरा मिनिटे लागत, कारण माणसेच नसत. ज्यांनी पैसे भरले, त्यांनाच रिकामे मैदान मिळे. भारतात ही अडचण जास्त जाणवे, कारण जवळच्या सर्व्हरवर मुळात खेळणारे कमी.

२०१५ च्या 'इव्हॉल्व्ह'ने या पद्धतीचा कळस गाठला. चार शिकारी विरुद्ध एक राक्षस अशी त्याची छान कल्पना होती. पण नवे राक्षस, नवे शिकारी, शस्त्रांची रंगरूपे असे सुटे विकायच्या गोष्टींचे एवढे ढीग लावले गेले की, गेमपेक्षा दुकानाचीच चर्चा झाली. जुलै २०१६ मध्ये संगणकावर तो फुकट करावा लागला, आणि २०१८ मध्ये कंपनीने आपले सर्व्हर बंद केले.

मग कंपन्यांनी दिशा बदलली. 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट'चा २०१५ चा पास ५० डॉलरचा होता. २०१७ च्या दुसऱ्या भागात पास काढून टाकला गेला आणि नवे नकाशे फुकट झाले. ती भरपाई मात्र लूट बॉक्समधून, म्हणजे आत काय निघेल हे आधी न सांगता विकल्या जाणाऱ्या पेट्यांमधून, करायचा घाट होता. त्यावरून इतका गदारोळ झाला की, गेम येण्याच्या आदल्या दिवशी पैसे घेण्याची सोयच बंद करण्यात आली. 'बॅटलफिल्ड ५'ने २०१८ मध्ये आणि 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर'ने २०१९ मध्ये नकाशांचा पास सोडला. त्याची जागा घेतली बॅटल पासने.

बॅटल पास म्हणजे सीझन पास नव्हे

नाव सारखे वाटते, पण व्यवहार वेगळा आहे. सीझन पासमध्ये पैसे दिले की माल मिळतो. बॅटल पासमध्ये पैसे दिले की तो माल कमावण्याची परवानगी मिळते. रोज खेळायचे, कामे पूर्ण करायची, एकेक पायरी चढायची, आणि मुदत संपायच्या आत जेवढे जमले तेवढे आपले. याचे मूळ 'डोटा २'च्या २०१३ मधल्या कम्पेन्डियममध्ये सापडते. त्याच्या विक्रीतला चौथा हिस्सा आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या बक्षिसात जात असे. पण घराघरात हा प्रकार पोहोचवला 'फोर्टनाइट'ने, डिसेंबर २०१७ मध्ये. पासची किंमत होती ९५० व्ही-बक्स. तेव्हा व्ही-बक्सचा सर्वांत छोटा गठ्ठा दहा डॉलरला १००० चा मिळे. उरलेल्या ५० मध्ये काहीच येत नाही, पण ते खात्यात दिसत राहतात आणि पुन्हा भर घालावीशी वाटते. खेळातले वेगळे चलन असते ते यासाठीच. किंमत डॉलर-रुपयांत दिसेनाशी झाली की हात सैल सुटतो.

बॅटल पासमध्ये मिळते ते बहुतांशी दिखाव्याचे असते: पोशाख, नाच, बंदुकीचे रंग. त्याने जिंकण्याची शक्यता वाढत नाही, ही जमेची बाजू. रोज तास-दीड तास तोच गेम खेळणाऱ्याला तो स्वस्तातही पडतो. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याला मात्र तो हमखास तोट्याचा, कारण मुदत संपताना निम्मी शिडी चढायची राहिलेली असते. मग उरलेल्या पायऱ्या पैसे देऊन चढण्याची सोय पुढे केली जाते. 'हेलो इन्फिनिट' आणि 'हेलडायव्हर्स २' या गेमनी आपल्या पासना मुदतच ठेवली नाही. घेतलेला पास कधीही पूर्ण करा. त्यांना ते जमते, याचा अर्थ बाकीच्यांची घाई ही तांत्रिक गरज नाही, विक्रीची युक्ती आहे.

लहान मुलांच्या बाबतीत हा प्रश्न गंभीर होतो. फोर्टनाइटच्या एपिक गेम्स कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनसोबत ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यात २७.५ कोटी मुलांच्या खासगी माहितीच्या नियमभंगाबद्दल होते. उरलेले २४.५ कोटी ग्राहकांना परत करण्यासाठी होते, कारण बटणांची रचनाच अशी होती की, चुकून खरेदी होत असे.

आपल्याकडे बॅटल पास म्हटले की बीजीएमआयचा रॉयल पास आठवतो. इथे आणखी एक जोखीम दिसली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला भारतातल्या खेळाडूंची सेवा थांबली. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला आणि जुन्या खात्यातला ऐवज त्यात नेता आला. जुलै २०२२ मध्ये तोही अॅप स्टोअरमधून हटला आणि मे २०२३ मध्ये परतला. महिन्या-दोन महिन्यांच्या मुदतीच्या पाससाठी दहा महिन्यांची ही अनिश्चितता फार मोठी आहे.

विकत घेतलेले आपलेच राहते का?

नेहमी नाही. 'डेस्टिनी २'च्या मालकांनी नोव्हेंबर २०२० मध्ये गेमचा आकार आवाक्याबाहेर गेल्याचे कारण देत मूळची 'रेड वॉर' मोहीम आणि 'कर्स ऑफ ओसायरिस', 'वॉरमाइंड' हे दोन विकलेले विस्तार गेममधून काढून टाकले. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फोरसेकन'ची मोहीमही गेली. २०१८ मध्ये ती ४० डॉलरला विकली गेली होती. पैसे देऊन घेतलेली कथा पुन्हा खेळायची सोय राहिली नाही. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा शर्यतींचा गेम तर ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हरसह पूर्णच बंद झाला, त्यासोबत त्याची डीएलसीही. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही ग्राहकांची मोहीम उभी राहिली. युरोपीय संघातल्या तिच्या अर्जाने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा पार केला.

कायद्याच्या भाषेत ग्राहक गेम विकत घेत नाही, तो वापरण्याचा परवाना घेतो. कॅलिफोर्नियात २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने दुकानांना हे स्पष्ट सांगणे भाग पाडले, आणि त्याआधीच ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टीमने पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ टाकली. जीओजीसारख्या दुकानात गेम आणि डीएलसीची फाइल उतरवून स्वतःकडे ठेवता येते. कायम सर्व्हरशी जोडलेल्या गेममध्ये तो मार्ग नाही. एकट्याने ऑफलाइन खेळता येणाऱ्या गेमच्या डीएलसीवर पैसे घालणे म्हणूनच तुलनेने सुरक्षित.

थांबल्याने काय मिळते?

सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत फायद्याचा मार्ग थांबण्याचा आहे. 'फॉलआउट ४' नोव्हेंबर २०१५ मध्ये आला आणि सगळ्या डीएलसीसह त्याची गेम ऑफ द इयर आवृत्ती सप्टेंबर २०१७ मध्ये. विचर ३ ची तशी आवृत्ती तर सव्वा वर्षातच आली. एकट्याने खेळायचा, कथाप्रधान गेम असेल, तर वाट पाहणाऱ्याचे नुकसान जवळजवळ शून्य. उलट दोष दुरुस्त झालेला, पूर्ण गेम सवलतीत मिळतो. नुकसान एकच, सोशल मीडियावर शेवट आधी कळतो.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. 'द सिम्स ४'चा मूळ गेम ऑक्टोबर २०२२ पासून फुकट आहे, पण त्याचे सगळे पॅक मूळ किमतीत घ्यायचे तर हजार डॉलरच्या वर जातात. पॅराडॉक्स कंपनीच्या 'युरोपा युनिव्हर्सालिस ४'ला वर्षानुवर्षे डीएलसी येत राहिली. शेवटी कंपनीनेच २०२१ मध्ये महिना पाच डॉलरची वर्गणी सुरू केली. अशा गेममध्ये सगळे घ्यायचा विचार सोडून आवडीचे एक-दोन पॅक निवडणे, किंवा सुट्टीत महिनाभराची वर्गणी घेऊन मनसोक्त खेळणे परवडते. दुसऱ्या टोकाला 'नो मॅन्स स्काय' आहे. २०१६ पासून त्याचे सगळे मोठे अपडेट फुकट आले आहेत.

भारतात घेताना

स्टीम २०१५ पासून रुपयांत किंमत घेते आणि भारतासाठीची किंमत प्रकाशक वेगळी ठरवू शकतात. त्यामुळे वर दिलेले डॉलर हे प्रमाण समजण्यापुरते. काही प्रकाशक मूळ गेम भारतात स्वस्त ठेवतात आणि डीएलसीचा भाव मात्र थेट डॉलरच्या हिशेबाने लावतात. गेम सवलतीत स्वस्त दिसला, तरी डीएलसीची किंमत आधी बघून मगच एकूण बेरीज करावी.

पैसे परत मिळण्याचा स्टीमचा नियम डीएलसीला थोडा वेगळा लागतो. खरेदीला १४ दिवस झालेले नसावेत, आणि डीएलसी घेतल्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असावा. आधी शंभर तास खेळला असला तरी चालते, मोजणी खरेदीपासून होते. मात्र डीएलसीतली वस्तू गेममध्ये वापरून संपली असेल, तर परतावा मिळत नाही.

दर महिन्याला आपोआप पैसे कापणाऱ्या वर्गणीत रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कापणीच्या किमान २४ तास आधी बँकेचा संदेश येतो. तो न वाचता पुसून टाकण्याची सवय महागात पडते. 'फक्त २ तास शिल्लक' असे खोटे घड्याळ लावून घाई करवणे, हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नोंदवलेल्या १३ फसव्या क्लृप्त्यांपैकी एक आहे. त्याची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. मुलांच्या हाती फोन असेल, तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा सक्तीचा करून ठेवावा.

डिस्क वापरणाऱ्यांसाठी एक वेगळीच अडचण आहे. प्लेस्टेशनवर डिस्क ज्या विभागासाठी छापलेली असते, त्याच विभागाच्या खात्यातून घेतलेले डीएलसी तिच्यावर चालते. नातेवाइकाने अमेरिकेतून आणलेली किंवा लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळालेली परदेशी डिस्क गेम म्हणून व्यवस्थित चालते, पण भारतीय खात्यातून त्यावर घेतलेले डीएलसी गेमला दिसतच नाही. डिस्कच्या कडेवर छापलेला क्रमांक आणि विभागाची खूण पाहून हे आधी तपासता येते. जुन्या बाजारात 'कम्प्लीट एडिशन' घेतानाही खोक्यावरचा मजकूर नीट वाचावा. काही खोक्यांत डीएलसी डिस्कवर नसून एकदाच वापरता येणाऱ्या कोडच्या चिठ्ठीवर असते, आणि ती चिठ्ठी पहिल्या मालकाने केव्हाच खरवडलेली असते.